शीतजतनातून परतणाऱ्या माणसासाठी आराखडा कसा लिहावा

मृत्यूनंतर आपले शरीर किंवा केवळ मेंदू अतिशीत तापमानाला जतन करावा असा निर्णय ज्यांनी घेतला आहे, त्यांच्याजवळ बहुधा तीन कागद असतात : जतन करणाऱ्या संस्थेशी झालेला करार, देहदानाचे संमतिपत्र आणि खर्चाच्या तरतुदीसाठी उतरवलेला आयुर्विमा. देह द्रव नायट्रोजनच्या टाकीपर्यंत पोहोचावा आणि तेथे सांभाळला जावा, एवढीच व्यवस्था हे कागद प्रामुख्याने करतात. टाकीतून बाहेर कधी काढायचे, कोणाच्या निर्णयाने काढायचे आणि डोळे उघडतील तेव्हा त्या माणसाजवळ कोण असावे, हे प्रश्न त्यांच्या बाहेर राहतात. या प्रश्नांसाठी चौथा कागद हवा, आणि तो कसा लिहावा हे येथे सांगितले आहे. हे काम पुढच्या पिढ्यांवर सोपवून चालणार नाही, कारण त्यातील बहुतेक उत्तरे ज्याचे जतन व्हायचे आहे त्याच्याच मनात असतात आणि तो बोलू शकतो तोवरच ती मिळवता येतात.

आराखड्याच्या पहिल्या परिच्छेदात वस्तुस्थिती नोंदवावी. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, जतन केलेला एकही माणूस किंवा कोणताही संपूर्ण सस्तन प्राणी आजवर पुन्हा जिवंत करता आलेला नाही. हे वाक्य लिहिल्याने आशा कमी होत नाही. उलट पुढच्या प्रत्येक तरतुदीला योग्य पाया मिळतो, आणि शंभर वर्षांनी हा कागद वाचणाऱ्यांना, लिहिणारा फसवला गेला नव्हता, त्याने जाणूनबुजून ही निवड केली होती, हे कळते.

शरीराच्या अवस्थेची नोंद

पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करणाऱ्या डॉक्टरांना सर्वांत आधी जाणून घ्यावे लागेल ते हे, की समोरच्या शरीराची नेमकी कोणती हानी झाली आहे. ती एकाच प्रकारची नसते. मृत्यूला कारण झालेला आजार आणि वार्धक्य हा पहिला थर. हृदय थांबल्यापासून शरीर थंड होईपर्यंत प्राणवायूअभावी पेशींची जी पडझड झाली तो दुसरा. आणि जतनाच्या क्रियेनेच झालेली इजा हा तिसरा. पाणी गोठताना होणारे हिमस्फटिक पेशींची रचना मोडतात, म्हणून आता रक्ताच्या जागी गोठणविरोधी द्रावण भरले जाते आणि त्यामुळे ऊतींतील पाणी स्फटिक न होता काचेसारखे घट्ट होते. या क्रियेला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. तिच्यासाठी लागणारी द्रावणे मात्र दाट मात्रेत विषारी असतात, आणि काचरूप झालेला अवयव साधारण उणे १२० अंशांच्या आणखी खाली नेला की आतील ताणामुळे त्याला तडे जाऊ शकतात.

म्हणून संस्थेकडून पुढील माहिती लेखी मिळेल अशी अट करारातच घालून घ्यावी : हृदय थांबल्याची वेळ, थंड करण्यास सुरुवात झाल्याची वेळ, वापरलेले द्रावण आणि ते कोणत्या भागात कितपत पोहोचले, तापमान उतरत गेल्याचा आलेख, तडे गेल्याच्या नोंदी आणि मेंदूचे सीटी स्कॅन केले असल्यास त्याच्या प्रतिमा. यातील एखादी नोंद कमी आली तर संस्थेच्या माणसांकडून ती तेव्हाच मागून घेण्याची जबाबदारी जवळच्या एका नातेवाइकावर नावानिशी सोपवावी. काही दशके उलटल्यावर या नोंदी पुन्हा तयार करण्याचा कोणताही मार्ग नसतो. १९६७ च्या जानेवारीत जतन केलेले जेम्स बेडफोर्ड हे या मार्गाने गेलेले पहिले गृहस्थ. त्यांच्या वेळची पद्धत आणि आजची पद्धत यांत इतके अंतर आहे की दोघांना एकच उपचार लागू पडणार नाही. याच कारणाने या क्षेत्रात असे मानले जाते की सर्वांत शेवटी आणि सर्वांत चांगल्या रीतीने जतन झालेले लोक प्रथम परत येतील आणि जुने लोक सर्वांत शेवटी. आपल्या आराखड्यात हा क्रम गृहीत धरावा, कारण त्याचा सामाजिक परिणाम मोठा आहे : आधी गेलेला आजोबा नातवानंतर जागा होऊ शकतो, आणि तेव्हा तो नातू त्याच्याहून अधिक अनुभवी असेल.

तापवण्याच्या अडचणीविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण सामान्य समजूत अशी असते की गोठवणे कठीण आणि वितळवणे सोपे. वस्तुतः काचरूप झालेला अवयव परत तापवताना, तापमान पुरेशा वेगाने चढले नाही तर, वाटेतच हिमस्फटिक तयार होतात. नुसता वेगही पुरेसा नसतो. बाहेरचा भाग आतल्या भागापेक्षा फार आधी तापला तर अवयव फुटतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सशाचे मूत्रपिंड उणे १३० अंशांच्या खाली नेऊन, परत तापवून, सशाच्याच शरीरात बसवण्यात आले आणि त्या एका मूत्रपिंडावर तो ससा ४८ दिवस जगला. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांची मूत्रपिंडे शंभर दिवसांपर्यंत साठवून, रक्तवाहिन्यांत सोडलेले लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण चुंबकीय क्षेत्राने तापवले आणि अशा रीतीने आतून एकसारखी ऊब देऊन ती मूत्रपिंडे उंदरांत यशस्वीपणे बसवली. ही खरी प्रगती आहे आणि तिचा आनंद मानावा. पण उंदराचे मूत्रपिंड जेमतेम एखाद्या ग्रॅमचे असते, तर माणसाचा मेंदू सुमारे चौदाशे ग्रॅमचा, आणि आकार वाढला की एकसारखी उष्णता पोहोचवणे झपाट्याने अवघड होत जाते. आराखड्यात म्हणून अशी अट लिहावी की ज्या पद्धतीने मला तापवायचे आहे, तीच पद्धत माणसाच्या मेंदूएवढ्या किंवा त्याहून मोठ्या मेंदूच्या प्राण्यांवर आधी यशस्वी झालेली असली पाहिजे आणि त्या प्राण्यांचे वर्तन व शिकलेल्या गोष्टी टिकल्याचे दिसले पाहिजे.

कशाला ‘परत येणे’ म्हणावे

या विभागावर लिहिणाऱ्याने सर्वाधिक वेळ द्यावा असे माझे मत आहे, आणि नेमका हाच विभाग लोक टाळतात. हृदय सुरू होणे हे पुनरुज्जीवन नव्हे. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये, कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंत, मृत्यूनंतर चार तासांनी कृत्रिम अभिसरण सुरू करून पेशींची काही कार्ये पूर्ववत केली. परंतु त्या मेंदूंत जाणीव दर्शवणारी एकत्रित विद्युतक्रिया आढळली नाही, आणि ती उद्भवू नये याची दक्षताही त्यांनी घेतली होती. पेशी जिवंत असणे आणि माणूस उपस्थित असणे या दोन अवस्थांमध्ये केवढी मोकळी जागा आहे, हे या प्रयोगाने स्पष्ट दाखवून दिले.

दुसऱ्या बाजूला आशेला आधार देणारी एक गोष्ट रोजच्या शस्त्रक्रियेत घडते. महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाचे शरीर सुमारे १८ अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण थांबवतात. त्या काळात मेंदूची विद्युतक्रिया पूर्णपणे शांत होते, आणि तरीही ऊब दिल्यावर रुग्ण आपली माणसे, आपली भाषा, आपले आयुष्य ओळखतो. यावरून असे दिसते की दीर्घकालीन स्मृती सतत चालणाऱ्या विद्युतप्रवाहात नसून मेंदूच्या रचनेत असते. शीतजतनाची सारी भिस्त याच गोष्टीवर आहे. ती रचना किती टिकली, हा खरा प्रश्न.

रचना टिकवणे आणि जैविकदृष्ट्या परत जिवंत होता येणे, या दोन उद्दिष्टांत सध्या ओढाताण आहे. २०१६ मध्ये सशाचा आणि २०१८ मध्ये डुकराचा मेंदू, चेतापेशींमधील जोडण्या सूक्ष्मदर्शकाखाली शाबूत दिसतील इतक्या चांगल्या रीतीने जतन केल्याबद्दल संशोधकांना पारितोषिके मिळाली. पण त्या पद्धतीत ग्लुटराल्डिहाइड हे रसायन वापरून प्रथिने एकमेकांना कायमची जखडली जातात, त्यामुळे तो मेंदू तसाच पुन्हा चालू होण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. त्यातील माहिती वाचून संगणकावर किंवा नव्या मेंदूत उतरवणे एवढाच मार्ग उरतो. आपल्याला तो मार्ग मान्य आहे की नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. मान्य असल्यास, एकाहून अधिक प्रती काढण्यास संमती आहे का, हेही लिहावे. ‘योग्य वाटेल ते करावे’ असे लिहिल्याने सगळा भार अनोळखी माणसांच्या विवेकावर पडतो, आणि तो त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

यानंतर अंशतः यशाचा विचार करावा. कोणत्या गोष्टी हरवल्या तरी चालतील? बालपणीच्या आठवणी गेल्या पण स्वभाव राहिला तर? भाषा गेली, पण पुन्हा शिकता येण्याजोगी असली तर? चेहरे ओळखू आले नाहीत तर? या प्रश्नांची उत्तरे घरातील दोन-तीन माणसांशी बोलून लिहावीत, कारण आपण कोणत्या गुणांमुळे आपण आहोत हे इतरांना अनेकदा अधिक नीट सांगता येते. मग एक किमान मर्यादा ठरवावी आणि तिच्या खालील परिणाम संभवत असेल तर प्रतीक्षा करावी, असे नोंदवावे. शरीर नीट जतन झालेले असेल तर थांबल्याने विशेष काही बिघडत नाही, कारण उणे १९६ अंशांना रासायनिक क्रिया जवळपास थांबलेल्या असतात. घाईने मात्र एकुलती एक संधी वाया जाऊ शकते.

निर्णय कोणाचा

टाकीतील माणूस कायद्याने मृत असतो. अमेरिकेच्या संघीय नियमांत संशोधनातील मानवी सहभागी म्हणजे जिवंत व्यक्ती अशी व्याख्या आहे, त्यामुळे जिवंत स्वयंसेवकाला मिळणारे संरक्षण मृत मानल्या गेलेल्या माणसाला आपोआप मिळत नाही. पहिले काही पुनरुज्जीवित लोक मात्र, कोणी काहीही म्हणो, प्रयोगाचे सहभागीच असतील. या पोकळीत आराखडा हाच त्यांचा आवाज आहे. निर्णयासाठी किमान तीन जणांची समिती नेमावी, त्यांतील एकही जण जतन करणाऱ्या संस्थेचा किंवा उपचार विकणाऱ्या कंपनीचा पगारदार नसावा, आणि प्रत्येकाने आपला उत्तराधिकारी स्वतः नेमण्याची पद्धत घालून द्यावी. व्यक्ती बदलत राहतील हे गृहीत धरून पदांना अधिकार द्यावेत.

ही दक्षता का घ्यावी लागते ते चॅट्सवर्थच्या घटनेवरून कळते. लॉस एंजेलिसमधील त्या स्मशानभूमीच्या तळघरात ठेवलेले नऊ देह पैसा आणि देखभाल यांच्या अभावी वितळून गेल्याचे १९७९ मध्ये उघडकीस आले. साठवणीचा खर्च नातेवाइकांनी नियमित देत राहावा, अशी ती व्यवस्था होती. काहींनी देणे थांबवले आणि टाक्या भरायला पैसे उरले नाहीत. तेव्हापासून संस्था सगळी रक्कम आधीच घेतात. आज मिशिगनमधील क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट २८,००० डॉलरपासून, तर ॲरिझोनातील अल्कोर संपूर्ण शरीरासाठी दोन लाखांहून अधिक डॉलर आकारते. पुनरुज्जीवनाचा आणि त्यानंतर जगण्याचा खर्च मात्र वेगळा आहे आणि तो किती येईल हे ठरवता येत नाही. त्यासाठी साठवणीच्या निधीत न मिसळणारा स्वतंत्र विश्वस्त निधी करावा. मृत व्यक्ती लाभार्थी होऊ शकत नाही आणि अनेक देशांत विश्वस्त निधीच्या आयुष्याला कालमर्यादा असते, म्हणून जाणकार वकिलाच्या मदतीने, तोवर निधीचा लाभ संशोधनाला किंवा धर्मादाय संस्थेला मिळेल आणि पुनरुज्जीवन झाल्यास तो त्या व्यक्तीकडे वळेल अशी रचना करून घ्यावी.

ओळख, वारसा आणि नाती

२०१८ मध्ये रुमानियातील एका न्यायालयात एक गृहस्थ स्वतः उभे राहून आपण जिवंत असल्याचे सांगत होते. ते परदेशी असताना त्यांचा मृत्यूचा दाखला निघाला होता आणि तो रद्द करण्यासाठी अर्ज करण्याची मुदत उलटली म्हणून न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. त्यांचा मृत्यू खरोखर झालेला नव्हता. ज्याचा मृत्यू नियमानुसार, डॉक्टरांच्या सहीने नोंदला गेला, त्याच्यासाठी तर आज कोणत्याही कायद्यात परतीची वाट नाही. तो नागरिक नसेल, त्याच्या नावावर खाते नसेल, उपचाराला संमती देण्याचा अधिकारही वादग्रस्त असेल. म्हणून ओळखीचे पुरावे आजच गोळा करावेत. येथे एक बारकावा आहे : ज्यांनी केवळ मस्तक जतन करण्याचा पर्याय निवडला आहे त्यांच्या बोटांचे ठसे परतणारच नाहीत, आणि डीएनए सिद्ध झाला तरी त्याने शरीराचे मूळ सिद्ध होते, आतला माणूस तोच आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी फक्त स्वतःला ठाऊक असलेल्या पंचवीस-तीस गोष्टींचे प्रश्न आणि उत्तरे दोन वेगवेगळ्या मोहोरबंद पाकिटांत ठेवावीत. हीच पाकिटे पुढे स्मृतीची तपासणी करण्यासही उपयोगी पडतील.

वारसांबाबत उदार असावे. मृत्यूसमयी वाटली गेलेली मालमत्ता परत मागणार नाही, असे मृत्युपत्रात निःसंदिग्धपणे लिहावे. अन्यथा मागे राहिलेली माणसे आयुष्यभर एका अशक्यप्राय दावेदाराच्या सावटाखाली राहतील. जोडीदाराला पुनर्विवाहाचे पूर्ण स्वातंत्र्य आहे आणि परत आल्यावर त्याबद्दल कोणताही हक्क सांगणार नाही, हेही लिहावे, आणि शक्य असल्यास ते समोरासमोर सांगावे.

एकटेपणाची भीती या विषयातील सर्वांत रास्त भीती आहे. २०१६ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात चौदा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या शीतजतनाचा प्रश्न आला तेव्हा तिच्या वडिलांनी हीच चिंता मांडली होती : दोनशे वर्षांनी ती जागी झालीच, तर तिचे एकही नातेवाईक नसेल, तिला काही आठवणार नाही आणि परक्या देशात ती असहाय होईल. न्यायालयाने मुलीच्या इच्छेनुसार निर्णय आईवर सोपवला, पण वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाला देता येण्यासारखे नव्हते. ते आराखड्याने द्यायचे आहे. अल्पवयीन व्यक्तीसाठी पालक कोण, हे पदानुसार आणि पर्यायांसह लिहिल्याशिवाय जतनच करू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. प्रौढांनी एकमेकांशी लेखी करार करावेत : आपल्यापैकी जो प्रथम परत येईल तो दुसऱ्याच्या उशाशी हजर राहील. जोडपी आणि मित्रमंडळी यांना शक्यतो एकाच सुमारास जागे करावे, अशी विनंतीही नोंदवता येते.

पहिले आठवडे

अतिदक्षता विभागातून बाहेर पडणाऱ्या आजच्या रुग्णांनाही संभ्रम, भास, स्नायूंची दुर्बलता आणि पुढे महिनोन्‌महिने टिकणारे नैराश्य येते, हे आता सर्वमान्य आहे. पुनरुज्जीवित माणसाला ते अधिक तीव्रतेने येईल असे धरून चालावे. दिवस-रात्रीचा स्पष्ट प्रकाश, मोजके चेहरे, त्याची स्वतःची भाषा बोलणारी व्यक्ती आणि विलगीकरण या चार गोष्टी मागून ठेवाव्यात. विलगीकरण दोन्ही बाजूंनी लागते, कारण त्याच्या शरीराला नव्या जंतूंची ओळख नसेल आणि त्याच्या काळातील जंतूंची ओळख इतरांना नसेल. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनाही २१ दिवसांच्या विलगीकरणात ठेवले होते.

तारीख आणि वर्ष विचारताच खरे सांगावे, अशी स्पष्ट सूचना लिहावी. बाकीच्या बातम्या कोणत्या क्रमाने हव्यात, कोणाविषयी आधी सांगावे आणि कोणाविषयी आपण विचारल्याखेरीज सांगू नये, हे ज्याचे त्याने ठरवावे. पहिल्या यशावर विसंबून देखरेख सैल करू नये, हेही लिहिणे गरजेचे आहे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात, निद्राज्वर या मेंदूच्या आजाराने दशकानुदशके निश्चल झालेल्या रुग्णांना एल-डोपा हे औषध देण्यात आले. अनेक जण विलक्षण रीतीने हालू-बोलू लागले, काहींना अजून १९२० चे दशकच चालू आहे असे वाटत होते, आणि पुढे त्यांतील बऱ्याच जणांना गंभीर दुष्परिणामांनी व निराशेने घेरले.

जगण्याच्या पुढील टप्प्याबाबत हिरू ओनोदा यांचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. दुसरे महायुद्ध संपल्याचे न मानता फिलिपिन्सच्या जंगलात राहिलेला हा जपानी अधिकारी १९७४ मध्ये परतला तेव्हा त्याचे मोठे स्वागत झाले, पण बदललेल्या देशात त्याचे मन रमले नाही आणि साधारण वर्षभराने तो ब्राझीलमध्ये जाऊन गुरे पाळू लागला. त्याच्यासारखीच, त्याच्याच भाषेत बोलणारी पण संथ लयीची एक वस्ती त्याला तेथे मिळाली; आणि पुढे जपानमध्ये परतून त्याने मुलांना निसर्गात जगण्याचे शिक्षण देणारी शाळा काढली. जंगलात शिकलेले कौशल्यच अखेरीस त्याच्या उपयोगी पडले. आपल्या आराखड्यात म्हणून उपजीविकेचा विचार करताना नव्या युगाचे शिक्षण किती लवकर द्यावे एवढेच लिहू नये. आपल्या काळातील कोणती गोष्ट आपल्याला हाताने येते, शिकवता येते, सांगता येते, तेही लिहावे.

दोन हक्क वेगळ्या कलमात, ठळकपणे लिहावेत. एक, माझ्या लेखी संमतीशिवाय माझे चित्रीकरण, मुलाखत किंवा प्रदर्शन होऊ नये. दुसरा, जागे झाल्यावर, विचार करण्याइतकी प्रकृती सावरल्यानंतर, मला हे आयुष्य नको असेल तर उपचार नाकारण्याचा अधिकार माझा राहील आणि माझ्यावर झालेला खर्च त्या अधिकाराच्या आड येणार नाही. यातला दुसरा हक्क कुटुंबीयांना लिहिणे जड जाते, परंतु तो नसेल तर बाकीचा आराखडा एका माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध जगवण्याचे साधन होऊ शकतो.

कागद पूर्ण झाला की त्याच्या प्रती टिकाऊ कागदावर आणि डिजिटल स्वरूपात निदान तीन ठिकाणी ठेवाव्यात; अल्कोरचे सदस्य आपल्या आठवणींच्या वस्तू कॅन्ससमधील मिठाच्या खाणीतील भूमिगत गोदामात ठेवत आले आहेत, कारण तेथील हवा कोरडी आणि तापमान स्थिर असते. दर पाच वर्षांनी, तसेच विवाह, अपत्यजन्म किंवा मोठे आजारपण यांनंतर, आराखडा पुन्हा वाचून त्यावर नवी तारीख आणि सही करावी, बदललेली कलमे खोडून न टाकता जुनी व नवी दोन्ही ठेवावीत, आणि समितीतील प्रत्येकाने तो वाचल्याची स्वाक्षरी त्याच दिवशी घ्यावी.